सोलापुरी ओट्यासाठी शेगडीची निवड : रेंज, हॉब की साधी तीन बर्नरची?

जुळे सोलापुरातील आमच्या जुन्या बैठ्या घराचे स्वयंपाकघर नव्याने करायचे ठरले, तेव्हा बहुतेक पैसे ओटा, फरशी, नळकाम आणि सुतारकाम यांतच जाणार हे उघड होते. शेगडी आणि वाफ-धूर बाहेर काढण्याची व्यवस्था मिळून पंचवीस हजारांच्या वर जायचे नाही, अशी मर्यादा घरात ठरली. या मर्यादेत तीन पर्याय बसत होते किंवा कसेबसे बसवता येत होते : वर चार बर्नर आणि खाली ओव्हन असलेली उभी कुकिंग रेंज, ओट्याचा दगड कापून त्यात बसवायचा हॉब, आणि ओट्यावर ठेवायची नेहमीची तीन बर्नरची शेगडी. आम्ही तिसरा पर्याय घेतला. मात्र ती शेगडी ओट्यावर न ठेवता, ओट्याचा तेवढाच भाग खाली उतरवून त्यात बसवली. हा निर्णय कशावरून झाला आणि काही महिन्यांच्या वापरानंतर तो कसा वाटतो, हे सविस्तर लिहितो आहोत, कारण दुकानात मिळणारी माहिती बहुतेक काचेच्या रंगाविषयी आणि नॉबच्या चकाकीविषयी असते.

सोलापुरातल्या घरात शेगडीची परीक्षा ज्वारीच्या भाकरीवर होते. चहा, कुकर, फोडणी ही कामे कोणत्याही शेगडीवर होतात. भाकरीला मात्र अकरा-बारा इंचांचा लोखंडी तवा लागतो, त्याच्या कडेपर्यंत पोचणारी एकसारखी आच लागते आणि वरून फिरवलेले पाणी सुकायच्या आत ती उलटता यावी एवढी मोकळी जागा लागते. पुढे तवा बाजूला सरकवून भाकरी थेट जाळावर फुगवायची असेल, तर तो गरम तवा ठेवायला शेजारचा बर्नर रिकामा हवा. कडक भाकरीची गरज तर नेमकी उलटी असते. ती भाजून झाल्यावर पापडासारखी होईपर्यंत मंद आचेवर बराच वेळ वाळवावी लागते, आणि त्या वेळी नॉब अगदी खाली आणल्यावरही जाळ विझता कामा नये. शेंगाच्या चटणीसाठी दाणे भाजतानाही हीच मंद, स्थिर आच लागते. थोडक्यात, एकाच बर्नरने मोठा तवा तापवला पाहिजे आणि त्यानेच दाणे न करपवता भाजले पाहिजेत. शेगडी पाहायला गेलो तेव्हा सासूबाई घरचा तवा पिशवीत घालून दुकानात घेऊन आल्या. दुकानदार हसून म्हणाला, “मावशी, परातही आणायची होती की!” पण तवा नमुन्याच्या शेगड्यांवर प्रत्यक्ष ठेवून पाहिल्यावर निम्मे नमुने तिथेच बाद झाले.

ते बाद होण्याचे कारण साध्या भूमितीचे आहे. तवा तीस सेंटिमीटरचा आणि शेजारचे पातेले चोवीस सेंटिमीटरचे असेल, तर दोन्ही बर्नरच्या मध्यबिंदूंत किमान सत्तावीस सेंटिमीटर अंतर हवे, आणि त्यात तव्याचा किंवा कुकरचा दांडा अजून धरलेलाच नाही. चार बर्नरच्या अनेक शेगड्यांत चार बर्नर कागदोपत्रीच असतात. एकावर तवा ठेवला की शेजारचा निम्मा झाकला जातो आणि मागच्यावर दूध तापवण्याचे भांडे तेवढे मावते. तीन बर्नरच्या रुंद शेगडीत डाव्या आणि उजव्या मोठ्या बर्नरमधले अंतर पुष्कळदा जास्त असते, आणि आमच्यासारख्या पाच माणसांच्या घराला भाकरीच्या वेळी तेच अंतर उपयोगी पडते. म्हणून शेगडी घेणाऱ्याने बर्नर मोजण्याऐवजी पट्टी घेऊन त्यांच्यातले अंतर मोजावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट उंचीची आहे, आणि नूतनीकरणात ती आधीच ठरवावी लागते, कारण ओटा एकदा बांधला की तो पुन्हा कोणी तोडत नाही. आपल्याकडे ओटा साधारण बत्तीस ते चौतीस इंच उंच बांधतात. त्यावर पाच-सहा इंचांची शेगडी आली की तवा जमिनीपासून अडतीस-चाळीस इंचांवर जातो. पाच फूट उंचीच्या बाईचे कोपर उभे राहिल्यावर साधारण अडतीस इंचांवर येते. म्हणजे तवा कोपराच्या बरोबरीने किंवा त्याच्याही वर, आणि प्रत्येक भाकरी उलटताना खांदा उचलावा लागणार. दोन-चार पोळ्यांना हे जाणवत नाही. वीस-बावीस भाकऱ्या झाल्या की मान आणि खांदा भरून येतो. तवा कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली असला तर हात सैल राहतो. जुन्या घरांत बायका चुलीपुढे बसून भाकरी करत, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. उभ्या ओट्याबरोबर तो आला आणि त्याची दखल फारशी कोणी घेतली नाही.

या कसोटीवर कुकिंग रेंजची बाजू वाटते त्याहून भक्कम आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. रेंज जमिनीवर उभी राहते आणि तिचे बर्नर साधारण ओट्याच्याच पातळीवर, पंच्याऐंशी ते नव्वद सेंटिमीटरवर येतात. म्हणजे ओट्यावर शेगडी ठेवण्यापेक्षा तवा तीन-चार इंच खाली राहतो. सनफ्लेम, ग्लेन यांसारख्या कंपन्या अशा रेंज कित्येक वर्षांपासून विकत आहेत, आणि ज्या घरात केक, पाव, नानखटाई किंवा भाजलेले पदार्थ आठवड्यातून एकदा तरी होतात, तिथे वर बर्नर व खाली ओव्हन ही मांडणी जागा वाचवणारी आहे. आमच्या घरात ते होत नाही. शिवाय साठ सेंटिमीटर रुंदीच्या रेंजवर चार बर्नर दोन-दोनच्या ओळीत बसवलेले असतात, त्यामुळे वर सांगितलेली अंतराची अडचण तिथे सर्वांत जास्त भासते. आमचा तवा ठेवल्यावर उरलेल्या तीनपैकी एकच बर्नर खऱ्या अर्थाने मोकळा राहिला. सोलापूरचा उन्हाळाही विसरता येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर गेलेला असताना स्वयंपाकघरात ओव्हन पेटवणे ही शिक्षाच आहे. छोटा विजेचा ओव्हन (ओटीजी) व्हरांड्यात किंवा मागच्या खोलीत नेऊन लावता येतो, रेंज हलवता येत नाही. आणि रेंजसाठी ओट्यात दोन फुटांची फट ठेवावी लागते; पुढे कधी ती नको झाली तर त्या फटीचे काय करायचे, हा प्रश्न उरतो.

हॉब दिसायला निःसंशय सुंदर असतो. एलिका, फेबर, काफ या कंपन्यांचे हॉब दुकानात मांडलेले पाहिले की साधी शेगडी गरीब वाटू लागते. हॉबचा खरा फायदा मात्र दिसण्यापेक्षा उंचीचा आहे : बर्नर ओट्याच्या दगडापासून जेमतेम दोन इंच वर येतात, आणि बऱ्याच नमुन्यांत जाळ विझला तर गॅस आपोआप बंद करणारी व्यवस्थाही असते. ही व्यवस्था खरोखर पैसे मोजण्यासारखी आहे, विशेषतः घरात विसराळू वयाचे कोणी एकटे स्वयंपाक करत असेल तर. तरीही आम्ही हॉब घेतला नाही, आणि त्याचे मुख्य कारण दगड आहे. प्रत्येक नमुन्याचा कापाचा आकार वेगळा असतो. एकदा ग्रॅनाइट कापला की आठ-दहा वर्षांनी तो हॉब निकामी झाल्यावर त्याच मापाचा दुसरा शोधावा लागतो. तो मिळाला नाही तर भोक वाढवावे लागते किंवा दगडच बदलावा लागतो. खालून हवा खेळती ठेवण्यासाठी कपाटाचा एक कप्पाही सोडावा लागतो. ज्यांनी हॉबच घ्यायचा ठरवला असेल त्यांनी निदान एवढे करावे : हॉब घरी आल्याशिवाय फरशीवाल्याला दगडाला हात लावू देऊ नये, कारण कंपनीच्या माहितीपत्रकावरचे माप आणि प्रत्यक्षाचे माप यांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरकही त्रास देतो.

उंचीचा जो फायदा हॉब देतो, तोच गवंड्याच्या एका दिवसाच्या कामात मिळू शकतो, हे लक्षात आल्यावर आमचा निर्णय झाला. ओटा चौतीस इंचांचा ठेवला आणि शेगडीच्या जागेचा सुमारे तीन फुटांचा भाग पाच इंच खाली घेतला. भाजी चिरणे, कणीक मळणे, भांडी विसळणे ही कामे उंच ओट्यावर सोयीची होतात आणि तवा मात्र पस्तीस इंचांच्या आत राहतो. या कामाचा दगड आणि मजुरी मिळून तीन हजारांच्या आसपास खर्च वाढला. यात दोन गोष्टी जपाव्या लागतात. शेगडीच्या दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी, म्हणजे किमान दोन-अडीच इंच, जागा सोडावी; नाहीतर तिथे सांडलेले पीठ आणि फोडणीचे तेल कायमचे मुक्कामाला येते. आणि पुढची बाजू पूर्ण मोकळी ठेवावी. चारही बाजूंनी काठ असलेला खड्डा कधीही करू नये. घरगुती सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो अशा खड्ड्यात साचतो आणि पुढची काडी पेटवणाऱ्याच्या जिवावर बेततो. याच कारणाने ओट्याखाली सिलिंडर ठेवायच्या कप्प्याच्या दाराला अगदी तळाशी जाळी किंवा भोके हवीत. सुताराला हे सांगावे लागते, कारण तो भोके सवयीने वर पाडतो.

आता प्रत्यक्ष शेगडीविषयी. आम्ही घेतलेली शेगडी स्टेनलेस स्टीलची, तीन पितळी बर्नरची आणि लायटरने पेटवायची आहे. किंमत साडेचार हजारांच्या आत बसली. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच मापाच्या आणि याच घडणीच्या शेगड्या चार-पाच कंपन्यांच्या मिळतात आणि निवड नावापेक्षा घडणीवरून करावी असे वाटते. काचेची शेगडी का घेतली नाही, असे घरी येणारा प्रत्येक जण विचारतो. काचेच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे, आणि तो सोलापुरात अधिकच मोठा आहे : ती ओल्या फडक्याने पुसली की स्वच्छ होते, आणि काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात ही बाब किरकोळ नाही. स्टीलच्या शेगडीचे तबक काढून घासावे लागते आणि त्याला पाणी लागते. पण कडक केलेली काच उष्णतेला टिकते तशी कडेच्या टोल्याला टिकत नाही. जाळीच्या बाहेर पसरणारे मोठे पातेले तासभर ठेवले तर जाळाची धग परत काचेवर येते, आणि तापलेल्या काचेवर थंड पाणी सांडले तर धोका असतोच. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पाहुणे येतात, पंधरा-वीस माणसांचा रस्सा एका पातेल्यात शिजतो. तेव्हा काचेवर नजर ठेवत स्वयंपाक करण्याची आमची तयारी नव्हती. ज्यांच्या घरी माणसे कमी आणि भांडी लहान आहेत, त्यांनी काच जरूर घ्यावी.

बर्नर पितळेचाच घ्यावा. इतर मिश्रधातूंचे बर्नर हलके व स्वस्त असतात, पण सततच्या आचेने आणि उतू गेलेल्या मिठाच्या पाण्याने त्यांची भोके लवकर झिजतात, आणि मग जाळ एका बाजूला उंच व दुसऱ्या बाजूला बुटका होतो. भाकरीवर ते लगेच दिसते. अर्धी भाकरी डागाळते आणि अर्धी पांढरी राहते. दुकानात बर्नरची टोपी हातात घेऊन तिचे वजन पाहावे, हा सर्वांत सोपा उपाय. आपोआप पेटणाऱ्या शेगडीत एक बिघडणारी वस्तू वाढते, म्हणून ती आम्ही टाळली.

‘जास्त जाळाची’ म्हणून जी शेगडी महाग विकली जाते, तिच्याबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. घरगुती रेग्युलेटरमधून गॅस ठरावीक दाबानेच येतो. शेगडी तो दाब वाढवू शकत नाही. जाळ मोठा येतो तो आतल्या जेटचे, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीचे, भोक मोठे असल्यामुळे, आणि भोक मोठे म्हणजे गॅसही त्याच प्रमाणात जास्त जळतो. पाहण्यासारखा आकडा उष्णतेच्या कार्यक्षमतेचा आहे. घरगुती एलपीजी शेगड्यांसाठी आयएस ४२४६ हे भारतीय मानक आहे आणि त्यानुसार किमान ६८ टक्के कार्यक्षमता लागते. आयएसआयच्या खुणेबरोबर हा क्रमांक शेगडीवर आहे ना, ते पाहावे. ऊर्जा-बचतीचे अधिक तारे मिळालेल्या शेगडीची कार्यक्षमता समजा ७२ टक्के असली, तर त्याच स्वयंपाकाला गॅस साधारण साडेपाच टक्के कमी लागेल. वर्षाला नऊ सिलिंडर वापरणाऱ्या घरात ही बचत अर्ध्या सिलिंडरची होते. यावरून त्या ताऱ्यांसाठी किती जादा पैसे मोजायचे, हे ज्याचे त्याला काढता येईल. हे आकडे प्रयोगशाळेतल्या ठरावीक भांड्यांवरचे असतात, हेही ध्यानात ठेवावे. लहान भांड्याच्या कडेने जाळ बाहेर पळत असेल तर कितीही ताऱ्यांची शेगडी ती बचत राखू शकत नाही.

इंडक्शनचा विचार बजेट सांभाळणाऱ्याने करावाच, पण हिशोब मांडून करावा. एक किलो एलपीजीत साधारण १२.८ युनिट विजेएवढी उष्णता असते. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट, आणि ६८ टक्के कार्यक्षमतेने भांड्याला त्यातले सुमारे १२३ मिळतात. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर तेवढ्याच कामाला साधारण १४५ युनिट वीज लागेल. आपल्या वीजबिलात हे युनिट कोणत्या टप्प्यात पडतात ते पाहावे आणि त्या दराने गुणून सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहावे. महिन्याचा वापर आधीच वरच्या टप्प्यात असलेल्या घराला गॅस स्वस्त पडण्याची शक्यता जास्त. शिवाय खोलगट तवा इंडक्शनवर नीट बसत नाही आणि भाकरी फुगवायला जाळच नसतो. दूध, चहा आणि सिलिंडर संपल्याची रात्र यांसाठी एक साधी इंडक्शन शेगडी बाजूला असावी, एवढेच तिचे आमच्या घरातले स्थान आहे.

चिमणीवर आम्ही पैसे घातले नाहीत. भाकरीला तेलाचा धूर नसतो, असते ती उष्णता आणि वाफ, आणि त्यासाठी शेगडीच्या वरच्या भिंतीत बारा इंचांचा धातूचा एक्झॉस्ट पंखा पुरेसा ठरला. रोज तळण किंवा मांसाहार होणाऱ्या घराचा विचार वेगळा असेल. त्यांनी चिमणीची रुंदी शेगडीपेक्षा कमी घेऊ नये. भर उन्हाळ्यात छताचा पंखा लावून स्वयंपाक करता येत नाही, कारण जाळ फडफडतो आणि गॅस वाया जातो. खाली उतरवलेल्या जागेचा अनपेक्षित फायदा इथे झाला : दोन्ही बाजूंचे दगडी काठ जाळाला थोडा आडोसा देतात, त्यामुळे खिडकीचे एक तावदान उघडे ठेवता येते.

वापरातल्या उणिवाही सांगायला हव्यात. दोन्ही मोठ्या बर्नरवर तवा आणि मोठे पातेले असले की मधला लहान बर्नर जवळजवळ निरुपयोगी होतो. त्यावर फोडणीचे कढले तेवढे मावते. बर्नरवरच्या जाळ्यांचा काळा मुलामा पहिल्या दोन महिन्यांतच कोपऱ्यांवर उडाला आणि तिथे तांबूस डाग दिसू लागले आहेत. तबकाच्या सांध्यात ज्वारीचे पीठ जाऊन बसते. ते ओले न करता आधी कोरड्या ब्रशने काढले तर बरे, एकदा भिजले की चिकटून बसते. मंद आच मात्र उत्तम आहे. कडक भाकरी वाळवताना जाळ एकदाही विझला नाही, आणि दाणे भाजताना कढई हलवायला थोडा उशीर झाला तरी चालते. मोठ्या बर्नरवर तवा कडेपर्यंत तापतो आणि भाकरीवर एका बाजूला डाग पडत नाहीत.

खरेदी नवी पेठेतून करा किंवा मधल्या मारुतीकडच्या बाजारातून, किमतीत दोन-तीनशे रुपयांहून जास्त फरक आम्हाला आढळला नाही. फरक दुरुस्तीच्या उत्तरात आढळला. “माणूस सोलापुरातच आहे की पुण्याहून येतो?” हा प्रश्न विचारल्यावर काही दुकानदार गप्प होतात, आणि हॉब व रेंज यांच्या बाबतीत ते जास्त वेळा गप्प झाले. नॉब, जेट आणि बर्नरची टोपी सुटी मिळते का, हे पावती करण्यापूर्वी विचारावे. पुढे पाइपचा गॅस घेण्याचा विचार असेल तर जेट बदलून देण्याची सोय कंपनीकडे आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे, कारण त्या गॅसला जेटचे भोक मोठे लागते आणि हे काम घरी करून पाहण्यासारखे नाही. जुनी रबरी नळी मात्र नव्या शेगडीला कोणीही जोडू नये. आयएसआय खुणेची नारिंगी सुरक्षा नळी दीड मीटरपर्यंतच्या लांबीत मिळते आणि तीही पाच वर्षांनी बदलावी लागते. ओट्याखालचे कपाट करताना सिलिंडरची जागा शेगडीपासून त्या लांबीतच ठेवावी आणि नळी सगळी डोळ्यांना दिसेल अशी न्यावी. आमच्या सुताराने ती फळीमागून नेण्याचा आग्रह धरला होता, तो गॅस एजन्सीच्या मिस्त्रीने जोडणीच्या वेळी मोडीत काढला.